आर्नल्डची तीन नावं : धंद्याची मासिकं आणि त्यांचे लेखक

गेल्या वेळी व्याख्यानानंतर एका तरुण इंजिनिअर मुलीनं विचारलं होतं, 'सर, मला माझ्या कामाबद्दल लिहायचंय आणि त्याचे पैसेही मिळायला हवेत. असं कुणी कधी केलंय का?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो. माणूस अमेरिकेतला आहे, काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ट्रेड जर्नल म्हणजे धंद्याचं मासिक किंवा साप्ताहिक. त्याचा वाचक कोण? तर लेथवरचा कारागीर, फोरमन, गिरणीचा मॅनेजर, कारखान्याचा मालक. करमणुकीसाठी ते कुणी घेत नाही. उद्याच्या कामात उपयोग होईल म्हणून घेतात. 'अमेरिकन मशिनिस्ट' हे असंच पत्र 1877 साली न्यूयॉर्कला सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या अंकांत संपादक दोन गोष्टी पुन्हापुन्हा छापत असत. एक, प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांनी आम्हाला लिहावं. दुसरी, पैसे घेऊन किंवा जाहिरातीच्या बदल्यात आम्ही मजकुराच्या पानांवर काहीही छापणार नाही. माल खपवायचा असेल त्यानं जाहिरातीची जागा विकत घ्यावी.

ही दुसरी गोष्ट मुद्दाम का सांगावी लागली? कारण उलटा रिवाज होता. कारखानदार जाहिरात द्यायचा आणि सोबत स्वतःच्या यंत्राची स्तुती लिहून पाठवायचा. मजकूर फुकट मिळतोय म्हटल्यावर लेखकाला पैसे कोण देणार? आता बघा, वाचकाला एकदा का कळलं की हा मजकूर विकत घेतलेला आहे, की तो वर्गणी थांबवतो. आणि वर्गणीदार गेले की जाहिरातदारही जातो. म्हणजे लेखकाचं मानधन शेवटी वाचकाच्या विश्वासावर उभं होतं.

त्यात टपाल खात्याचाही हात होता. 1879 च्या अमेरिकी कायद्यानं नियतकालिकांना टपालाचा स्वस्त दर दिला, पण अटी घातल्या. खरेखुरे वर्गणीदार पाहिजेत, आणि मुख्यतः जाहिरातीसाठी काढलेला अंक चालणार नाही. पुढे 1912 च्या कायद्यानं सांगितलं की पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. अशा परिस्थितीत वाचण्यासारखा मजकूर ही मासिकाची गरज झाली, आणि तो मजकूर धंदा आतून माहीत असलेल्या माणसाकडेच होता.

जॉन हिलचं उदाहरण घ्या. हा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. 'अमेरिकन मशिनिस्ट'ला पत्रं लिहायचा. 1888 साली त्याच प्रकाशकांनी 'लोकोमोटिव्ह इंजिनिअर' हे नवं पत्र काढलं आणि त्याचं संपादकपद ह्या ड्रायव्हरला दिलं. पुढे तो स्वतः प्रकाशक झाला. मॅकग्रॉ-हिल हे नाव तुमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांवर पाहिलं असेल, त्यातला हिल तो हाच.

पण आजचा आपला माणूस वेगळा. होरेस लुशियन आर्नल्ड. जन्म 1837. यंत्रशाळांत काम करून हात मुरलेला कारागीर, आणि पुढे धंद्याच्या मासिकांचा लेखक. त्याचे लेख हेन्री रोलँड, ह्यू डॉलनार, जॉन रँडॉल अशा नावांनीही यायचे. ही नावं रोमन लिपीत लिहून पाहा : आर्नल्डची सहा अक्षरं, नुसती हलवून मांडलेली! एकाच माणसाला अनेक ठिकाणी माल द्यायचा असला की अशी वेगळी नावं सोयीची पडतात, असा माझा अंदाज आहे.

'इंजिनिअरिंग मॅगझीन' हे मासिक 1891 साली निघालं. त्यात 1896-97 मध्ये 'हेन्री रोलँड'नं उत्तम चाललेल्या सहा कारखान्यांवर लेखमाला लिहिली. ह्यू डॉलनार सायकल आणि मोटारींच्या व्यापारी पत्रात लिहीत होता. आणि स्वतःच्या नावानं आर्नल्डनं कारखान्याच्या खर्चाचा हिशेब कसा ठेवावा ह्यावर पुस्तक केलं. विषय वेगवेगळे दिसतात, पण भांडवल एकच : कारखान्यात शिरल्यावर कुठं बघायचं हे त्याला कळत होतं.

1914 साली, वयाच्या सत्तरीनंतर, तो फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यावर लिहीत होता. फिरती जोडणी-साखळी नुकतीच सुरू झाली होती. आर्नल्डनं काय टिपलं? मॅग्नेटो जोडायला पूर्वी एका कामगाराला सुमारे 20 मिनिटं लागत. तेच काम 29 जणांत वाटलं, तर एका नगामागे 13 मिनिटं 10 सेकंद. मग कामाची उंची 8 इंचांनी वाढवली, वाकणं कमी झालं, 7 मिनिटं. मग साखळी बसवली, 14 माणसं, 5 मिनिटं. गाडीची चेसिस जोडायला साडेबारा तासांच्या आसपास श्रम लागत, ते 1 तास 33 मिनिटांवर आले. आज हे आकडे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. त्यांचा मूळ धागा ह्या म्हाताऱ्या लेखकाच्या टिपणांपर्यंत जातो.

आता ह्या गोष्टीतला काटा. ह्याच लेखनात आर्नल्ड नोंदवतो की फोर्डला कामगारांत अनुभव नकोच आहे. ज्यांना जुनं काही विसरावं लागणार नाही अशी माणसं हवीत. हे लिहिणारा माणूस स्वतः अनुभवावर जगला होता! त्याच्या हातातली विद्या निरुपयोगी ठरवणारी व्यवस्था त्यानंच सगळ्यात बारकाईनं वर्णन केली, आणि बऱ्यापैकी कौतुकानं. कारण त्याचे वाचक मालक आणि मॅनेजर होते. साखळीपाशी उभ्या माणसाला काय वाटलं, हे त्याच्या पानांत शोधावं लागतं. इतिहासकारानं ही पत्रं वाचताना पैसे कोण देत होतं हे विसरू नये, ते ह्यासाठी.

आर्नल्ड जानेवारी 1915 मध्ये वारला. पुस्तक अपुरं होतं. फे फॉरोट ह्या सहलेखकानं ते पुरं केलं आणि त्याच वर्षी ते प्रसिद्ध झालं.

आपल्याकडेही हे घडत होतं. 'इंडियन टेक्स्टाइल जर्नल' मुंबईत 1890 साली निघालं. त्याच कचेरीतून 1927 साली एस. एम. रतनागर यांच्या संपादनाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. गिरणगावाचा अभ्यास करणाऱ्याला तो उघडावाच लागतो.

तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. केलंय का कुणी? हो, केलंय. कसं? ज्या धंद्यात घाम गाळला त्यावर लिहिलं. एकाच संपादकावर विसंबून न राहता एकच जाणकारी तीन-चार दारांत नेली, प्रत्येक वाचकाला हवी तशी मांडून. आणि विशेषणांऐवजी मिनिटं, इंच, माणसं मोजली. मानधन ठरवण्याआधी एवढं मात्र विचारून घ्या की ह्या पानाचे पैसे वाचक देतोय, की ज्याच्याबद्दल लिहायचं तो? दुसऱ्या प्रकारचं कामही लोक करतात, त्यात गैर नाही, पण तिथं वर 'जाहिरात' असा शब्द असायला हवा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.