विट्याचा माणूस आणि मोहनबागान

आमच्या विट्यात चेंडू पायाने मारण्याचे वेड कधी फारसे नव्हते. पोराच्या अंगाला माती लागावी ती तालमीतली, अशीच सर्वांची समजूत. फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूर गाठावे. तिथल्या पेठांच्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही पोसला. असे असता माझे चुलते कलकत्त्याच्या मोहनबागान संघाचे निस्सीम भक्त कसे झाले, हे कोडे आमच्या घराला पुष्कळ वर्षे पडलेले होते. सारे घर त्यांना तात्या म्हणे.

तात्या कलकत्त्यास गेले ते पोटासाठी. खानापूर-आटपाडीकडचा पाऊस बेभरवशाचा. शेती पुरेनाशी झाली तेव्हा इकडची माणसे गलाईच्या धंद्यात शिरली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबाने हीण वेगळे करायचे आणि शुद्ध सोने-चांदी सराफाच्या हाती द्यायची, हे ते काम. या धंद्यापायी आमच्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे देशभर पांगली. तात्यांची भट्टी बहूबाजारात, सराफांच्या वस्तीत होती. 1976 साली त्यांच्या हाताखाली मला धाडण्यात आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

भट्टीच्या मागच्या खोलीत दोनच तसबिरी होत्या. एक पंढरीच्या विठोबाची आणि दुसरी 1911 सालच्या मोहनबागान संघाची. सकाळी उदबत्ती पहिलीला ओवाळून झाली की तिचा धूर दुसरीलाही मिळे! कलकत्त्यात अशी रीत होती, की मोहनबागान जिंकला की त्याच्या घरांत कोळंबी शिजायची आणि ईस्ट बेंगॉल जिंकला की त्यांच्याकडे हिल्सा मासा. तात्या माळकरी, माशाला शिवत नसत. पण बागान जिंकल्याच्या दिवशी ते स्वतःच्या पैशाने कोळंबी आणवून कारागिरांना खाऊ घालीत, आणि स्वतः पिठले-भाकरी खाऊन तितकेच तृप्त होत.

वरच्या मजल्यावर एक वृद्ध मास्तर राहत. फाळणीत पूर्व बंगालातले घरदार सोडून आलेले, आणि अर्थातच ईस्ट बेंगॉलचे. ते तात्यांना नेहमी चिडवीत, "आमचे भांडण घरचे आहे. तुम्ही मराठी माणूस! तुमचा यात काय संबंध?" तात्या हसत, पण त्यांना उत्तर सुचत नसे. हे मास्तरांचे बोलणे माझ्या मनात मात्र घर करून राहिले.

तात्या मला तसबिरीतली माणसे बोट ठेवून दाखवीत. मोहनबागान क्लब 15 ऑगस्ट 1889 रोजी उत्तर कलकत्त्यात स्थापन झाला. 1911 च्या आय. एफ. ए. शील्डमध्ये त्याने सेंट झेवियर्स, रेंजर्स आणि रायफल ब्रिगेड यांना हरवले. उपान्त्य सामन्यात मिडलसेक्स रेजिमेंटशी प्रथम बरोबरी झाली आणि पुन्हा खेळताना तीन गोलांनी विजय मिळाला. 29 जुलैला अंतिम सामना होता ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी. समोर बूट घातलेले गोरे शिपाई. इकडे अकरांपैकी दहा अनवाणी. मैदानाभोवती इतकी गर्दी लोटली, की मागच्यांना खेळ दिसेना. तेव्हा गोलांची बातमी पतंग चढवून कळवण्यात आली. पहिला गोल गोऱ्यांनी केला. मग कप्तान शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असता अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल मारला. हिंदी संघाने शील्ड जिंकण्याची ही पहिलीच वेळ. बंगालच्या फाळणीची जखम अजून ओली होती. नाटके, सभा, बहिष्कार यांनी जे सांगितले जात होते, ते त्या दिवशी चेंडूने सांगितले.

ही कथा मी शेकडो वेळा ऐकली. पण पुढे स्वतः वाचू लागलो तेव्हा तात्यांच्या कथेत नसलेल्या दोन गोष्टी मला सापडल्या. बूट घालून खेळलेला एकटा खेळाडू म्हणजे सुधीर चटर्जी, धर्माने ख्रिस्ती. आणि त्या संघातले बरेच जण मूळचे पूर्व बंगालातले होते; खुद्द भादुडी बंधूदेखील! म्हणजे मोहनबागानचा सर्वांत मोठा दिवस मास्तरांच्या मुलखातल्या माणसांनीही घडवला होता. ईस्ट बेंगॉल क्लब निघाला तो 1920 च्या ऑगस्टात. मोहनबागानविरुद्धच्या एका सामन्यात जोडाबागान संघाने पूर्वेकडच्या खेळाडूला वगळले, या अपमानातून. ज्याला मास्तर घरचे भांडण म्हणत, त्यातही कुणी तरी कुणाला परके म्हटलेच होते.

तात्यांनी मला 24 सप्टेंबर 1977 रोजी ईडन गार्डन्सवर नेले. न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडून पेले खेळायला आला होता. पावसाने मैदान चिखलाचे झालेले. सामना दोन-दोन असा सुटला. तात्या परतताना सारखे म्हणत होते, "बरोबरी! पेलेशी बरोबरी!"

त्यानंतरचा दिवस मात्र आठवू नये असा. 16 ऑगस्ट 1980. त्याच ईडनवर मोहनबागान आणि ईस्ट बेंगॉल यांचा सामना, तात्या एकटेच गेलेले. प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा चाहते मरण पावले. रेडिओवर बातमी आली तशी आमची भट्टी थंडावली. रात्री उशिरा तात्या आले, सदरा फाटलेला, पायात एकच चप्पल. जिन्याच्या पायरीवर मास्तर बसून होते. संध्याकाळपासून ते तिथून हलले नव्हते. त्यांनी तात्यांचा हात धरला, वर नेले आणि स्वतःच्या हाताने चहा करून दिला. दोघेही काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मास्तरांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आज तात्या नाहीत, मास्तर नाहीत. भट्टी आवरून मीही विट्यास परतलो. 16 ऑगस्टला कोलकात्यात त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. तिथे रक्त देणाराला कुणी तो कोणत्या संघाचा म्हणून विचारीत नाही.

2017 साली वर्तमानपत्रात वाचले, की कोल्हापूरचा निखिल कदम मोहनबागानकडून खेळणार. मी पेपर तसाच हातात घेऊन विठोबाशेजारच्या त्या जुन्या तसबिरीपुढे उभा राहिलो. मास्तरांना द्यायचे उत्तर तात्यांना कधी सुचले नाही. ते तसबिरीतच होते: संघ तिथे जन्मलेल्यांचा असतो, तसाच तिथे येऊन घाम गाळणारांचाही.

त्या संध्याकाळी मी विट्याच्या बाजारात कोळंबी शोधली. मिळाली नाही. घरी पिठले-भाकरी झाली.