बांधणाऱ्याचा मान

अंबरनाथच्या बुवापाड्यातून लोहमार्ग ओलांडून वालधुनीच्या काठी गेले, म्हणजे काळ्या पाषाणाचे जे भूमिज शैलीतील शिवालय दृष्टीस पडते, त्यातील शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दीचा हा लेख. त्यात राजाची बिरुदे आहेत, अमात्यादी अधिकाऱ्यांची नामावळी आहे. परंतु पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह ज्याने योजिले, आणि शिखरावर चिमुकल्या शिखरांच्या ओळी ज्याने उभ्या चढविल्या, तो सूत्रधार आज कोणाच्याही स्मरणात नाही. वास्तूचे श्रेय यजमानाचे आणि श्रम कारागिराचे, अशी ही जुनी वाटणी आहे, आणि ती मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे.

अपवाद विरळा. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे; गड बांधून काढल्याबद्दल शिवाजी महाराज इनाम देऊ लागले असता त्यांनी द्रव्य नाकारून पायरीवरच्या एवढ्याशा जागेचीच मागणी केली, अशी आख्यायिका आहे. इंग्रजी अमदानीत मुंचेरजी मर्झबान यांच्यासारख्या अभियंत्यास खानबहादूर हा किताब मिळाला. पाथरवट, गवंडी, सुतार मात्र मजुरीच्या हिशेबापुरतेच सरकारी दफ्तरात राहिले.

जीर्णोद्धाराचे पुण्य नवनिर्मितीहून अधिक, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. त्या पुण्यास जाहीर बहुमानाचे रूप पुष्कळ उशिरा आले. युनेस्कोने आशिया-पॅसिफिक प्रदेशासाठी वारसा-संवर्धनाचे पुरस्कार 2000 साली सुरू केले, आणि 2005 साली त्यांतील उत्कृष्टता पुरस्कार भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयास लाभला. अंबरनाथचा शिलालेख प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे विद्वान हेच भाऊ दाजी होत, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्यांनी वाचलेला शक पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी दुरुस्त केला. वास्तूप्रमाणे विद्येचीही डागडुजी अशी पिढ्यानुपिढ्या चालू असते.

1872 साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाच्या इमारतीचे संवर्धनाचे काम महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा-संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्याने, विकास दिलावरी यांच्या वास्तुमार्गदर्शनाखाली झाले. ओतीव लोखंडाचे खांब, छतावरील रंगीत नक्षी, सोन्याचा मुलामा, मिंटनच्या फरश्या, यांपैकी एकही गोष्ट घाईने उरकण्यासारखी नव्हती. जुना रंग उतरविताना खालची नक्षी खरवडली गेली, तर ती पुन्हा आणायची कोठून? अशा कामाचा मक्ता घेणाऱ्याला खर्चाचा अंदाज बांधता आला की भागत नाही. कोठे हात लावायचा नाही, हेही त्याला कळावे लागते, आणि ते निविदेत लिहून देता येत नाही. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा संग्रहालय बंदच होते. दारे लोकांसाठी पुन्हा उघडली ती 2008च्या जानेवारीत.