चोखंदळ पडदा

रबराचा फुगा दुसऱ्या दिवशीं मरगळलेला दिसला कीं, ‘हवा गेली’ असें आम्ही मुलांस सांगतों आणि विषय तेथेंच मिटतो. फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन मिचेल यांच्यापुरता तो मिटला नाहीं. १८३१ च्या सुमारास त्यांनीं निरनिराळे वायु रबरांत कोंडून पाहिले. तेव्हां हायड्रोजनाच्या बावीस पट जड असा कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनाच्याहि आधीं निसटतो, असें त्यांस आढळलें.

यांतील मर्म १८६६ सालीं लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम यांनीं उकललें. वायु रबराच्या छिद्रांतून गळत नाहीं. पाण्यांत साखर विरावी तसा तो रबरांत विरतो, पलीकडे सरकतो व तेथें पुन्हां मोकळा होतो. म्हणूनच विरण्यांत पटाईत असलेला वायु अंगानें जड असूनहि पुढें जाऊं शकतो. ग्रॅहॅम यांच्या मापनांत नत्रवायूपेक्षां कार्बन डायऑक्साइड सुमारें साडेतेरा पट त्वरेनें पार झाला.

एवढें ज्ञान हातीं असूनहि त्याचा व्यवहारांत उपयोग होईना. पडदा जाड असला तर वायु फारच थोडा उतरे. पातळ केला तर तो टिकेना. ही अडचण १९६० च्या सुमारास लॉस एंजलिस येथें सिडनी लोब व मूळचे भारतीय श्रीनिवास सूरीराजन यांनीं समुद्राचें पाणी गोडें करण्याच्या खटपटींत दूर केली. सच्छिद्र जाड थर आणि त्यावर अतिशय पातळ त्वचा, अशी त्यांच्या पडद्याची रचना होती. १९८० नंतर अशाच पडद्यांनीं नैसर्गिक इंधनवायूंतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढूं लागले.

रबर हें पॉलिमर, म्हणजे सारख्या घटकांच्या असंख्य कड्या जोडून झालेलें द्रव्य. अशा अनेक द्रव्यांचीं मापनें एकत्र मांडून १९९१ सालीं लॉइड रॉबसन यांनीं दाखविलें कीं, ज्याची पारख चोख तें वाट संथ देतें, आणि मोकळी वाट देणारें पारख विसरतें. २००४ सालीं मँचेस्टरच्या पीटर बड व नील मॅककीऑन यांनीं असें पॉलिमर पुढें आणलें कीं, त्याच्या ताठर, वांकड्या साखळ्या एकमेकींस बिलगून बसूंच शकत नाहींत. मर्यादा वर सरकली. नाहींशी झाली नाहीं.

कोळशावर चालणाऱ्या वीजघराच्या धुरांत हा वायु शेंकडा १२ ते १५, बाकी बहुतेक नत्रवायु. म्हणजे प्रश्न ग्रॅहॅम यांचाच. फरक एवढाच कीं, त्यांच्या काळीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो ३०० हून कमी होता, आज ४२० च्या वर आहे. फुग्यापासून उपयोगी पडद्यापर्यंत येण्यास दीडशें वर्षें लागलीं. कुतूहलाला तेवढी सवड परवडली. धुराला ती देतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.