यादीचे दोन कारभारी

मार्च २००८ मध्ये ॲपलने आयफोनसाठी ॲप रचण्याची साधने बाहेरच्या प्रोग्रामरांना खुली केली, तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या ‘यूआयटेबलव्ह्यू’ या यादीच्या पदरी प्रथमपासूनच दोन स्वतंत्र कारभारी नेमलेले होते. या व्यवस्थेचे कूळ जुने आहे. आशय आणि त्याचे दर्शन यांची फारकत ट्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मांडली होती. आणि आपले काही निर्णय दुसऱ्यावर सोपवण्याची नेक्स्ट कंपनीच्या प्रणालीतील रीत, ती कंपनी ॲपलने विकत घेतल्यावर, आयफोनपर्यंत वारशाने आली.

यादी स्वतः काहीच साठवीत नाही. विभाग किती, ओळी किती, अमुक ओळीत मजकूर कोणता, हे ती ‘डेटा सोर्स’ या दप्तरदाराला विचारते. ओळीची उंची किती असावी आणि तिला बोट लागल्यावर काय घडावे, हे ‘डेलिगेट’ या मुखत्याराला. पहिल्या आयफोनची कार्यस्मृती अवघी १२८ मेगाबाइट असल्यामुळे पडद्याआड गेलेली चौकट नव्या ओळीसाठी पुन्हा वापरण्याची काटकसरही याच रचनेत बसवलेली होती.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या दोघांमधल्या हद्दीचा बारकावा. विभागाच्या मथळ्याचा मजकूर दप्तरदार देतो, पण मथळ्यासाठी निराळी सजावट घडवायची झाल्यास ती मुखत्याराकडून येते. ओळीपुढे खोडण्याचे चिन्ह दाखवावे की भर घालण्याचे, हे मुखत्यार ठरवतो, पण ती प्रत्यक्ष खोडण्याचा हुकूम दप्तरदारावरच बजावला जातो, कारण मूळ नोंद त्याच्या ताब्यात असते.

दुर्दैवाने, सोयीसाठी दिलेल्या ‘यूआयटेबलव्ह्यूकंट्रोलर’ने दोन्ही हुद्दे आपोआप स्वतःकडे घेतले, आणि शिकाऊंनी तीच वहिवाट मानली. कंट्रोलरच्या फाइली फुगत गेल्या, एकाच यादीचे दप्तर दुसऱ्या पडद्यावर वापरणे अशक्य झाले, आणि पडद्यावरून ओळ खोडली असता दप्तरातील संख्येशी रुजुवात न झाल्यास ॲप जागीच कोसळू लागले. पुष्कळांनी तेव्हा डेटा सोर्ससाठी वेगळा वर्ग लिहिण्याचा शिरस्ता स्वतःच पाडला. २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर आलेल्या ‘डिफेबल डेटा सोर्स’ने त्या शिरस्त्याला अधिकृत रूप दिले: दप्तर ही स्वतंत्र वस्तू झाली, तिला यादीच्या नव्या स्थितीचा संपूर्ण गोषवारा द्यावा आणि जुन्या-नव्यातील फरक तिनेच काढावा, असे ठरले. स्पर्शाची वर्दी मात्र पूर्वीप्रमाणे मुखत्याराकडेच जात राहिली.