फाउंटन पेनातील रबरी पिशवी बदलणे

फाउंटन पेनातील रबरी पिशवी बदलणे ही जुन्या, स्वतः शाई ओढून घेणाऱ्या फाउंटन पेनांची एक मूलभूत दुरुस्ती आहे. अशा पेनाच्या पोटात शाई साठवणारी रबराची लहान पिशवी असते. ती कालांतराने कडक होऊन तडकते किंवा विरघळून चिकट होते व पेन निकामी ठरते. पिशवी हा पेनाचा नाशवंत आणि बदलण्यासाठीच योजलेला भाग असल्यामुळे ती बदलल्यावर अनेक दशके बंद पडलेले पेनही बहुधा पुन्हा लिहू लागते. ही दुरुस्ती मोजक्या साहित्याने घरी करता येते.

इतिहास

आरंभीच्या फाउंटन पेनांत ड्रॉपरने थेट नळकांड्यात शाई भरावी लागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबरी पिशवी दाबून शाई ओढण्याच्या पद्धती रूढ झाल्या. अमेरिकेतील वॉल्टर शेफर यांनी 1908 मध्ये पेनाच्या बाजूला तरफ बसवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे शेफर, वॉटरमन, एस्टरब्रुक, कॉनवे स्टुअर्ट इत्यादी कंपन्यांनी तरफेची पेने काढली, तर पार्करने शेपटाकडील बटण दाबून भरण्याची रचना वापरली. शतकाच्या मध्यापासून टिकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नंतर बदलता येणारी काडतुसे आल्याने रबरी पिशवी मागे पडली.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात तयार झालेली एबोनाइटची पेने मुख्यतः ड्रॉपरने भरण्याची असल्याने त्यांत पिशवी नसते. त्यामुळे मराठी घरांत वडिलोपार्जित म्हणून जपलेले पिशवीचे पेन बहुधा परदेशी बनावटीचे असते. शाई मात्र येथे स्थानिक होती. दि. प. दांडेकर व गो. प. दांडेकर या बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे कॅम्लिन ही कंपनी उभी राहिली व तिची ‘कॅमल’ शाई प्रचलित झाली. दुरुस्तीत लागणारी लाखही भारतीय आहे. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील लाखेच्या किड्यांपासून ती मिळते. महाराष्ट्रात गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांत तिचे उत्पादन होते.

रचना

निब बसवलेल्या अग्रभागाच्या मागील टोकाला एक बारीक तोटी असते. पिशवीचे तोंड या तोटीवर लाखेने चिकटवलेले असते. अग्रभाग नळकांड्यात बसवला की पिशवी आत दाबपट्टीशेजारी राहते. तरफ उचलताच पट्टी पिशवीला चेपते व हवा बाहेर जाते. तरफ सोडल्यावर पिशवी पूर्ववत फुगते आणि तिच्यात शाई खेचली जाते.

पिशवीचा क्रमांक तिचा बाह्य व्यास दर्शवतो. हा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. त्यानुसार 16 क्रमांकाची पिशवी पाव इंच म्हणजे सुमारे 6.35 मिलिमीटर, तर 18 क्रमांकाची सुमारे 7.1 मिलिमीटर व्यासाची असते. एस्टरब्रुकच्या ‘जे’ या पेनास 16 क्रमांक लागतो.

साहित्य

योग्य क्रमांकाची लॅटेक्स पिशवी, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, शंखजिऱ्याची म्हणजे टाल्कची बिनसुगंधी भुकटी, बारीक ब्रश, कात्री, केस वाळवण्याचे यंत्र व पकडीसाठी रबराचे दोन तुकडे एवढे साहित्य पुरते. कॅरमची पावडर अनेकदा बोरिक ॲसिडची असते, त्यामुळे ती टाल्कऐवजी वापरू नये.

कृती

1. निब व अग्रभाग साध्या पाण्याने धुऊन सुकलेली शाई काढावी. पेनात पाणी राहू देऊ नये.
2. अग्रभाग व नळकांडे यांचा सांधा मंद गरम हवेने कोमट करावा. रबराच्या तुकड्यांनी दोन्ही भाग धरून हलका पीळ देत ते सोडवावेत. सांधा सुटला नाही तर जोर न वाढवता पुन्हा कोमट करावा.
3. तोटीवरील जुने रबर व लाख लाकडी काडीने खरवडावी. नळकांड्यातील पिशवीचे सर्व तुकडे काढावेत. तरफ उचलून दाबपट्टी शाबूत असल्याची खात्री करावी.
4. नवी पिशवी नळकांड्यात घासता कामा नये, पण तोटीवर किंचित ताणून बसली पाहिजे. तिची लांबी अशी कापावी की जोडणीनंतर तिचे टोक नळकांड्याच्या तळाला टेकणार नाही.
5. तोटीला लाखेचा पातळ थर देऊन पिशवीचे तोंड त्यावर सरळ चढवावे व सांधा रात्रभर वाळू द्यावा. पावसाळ्याच्या दमट हवेत अधिक वेळ लागतो.
6. पिशवीवर भुकटी चोळावी, म्हणजे ती दाबपट्टीला चिकटत नाही. त्यानंतर अग्रभाग पुन्हा बसवावा.
7. प्रथम पाणी भरून तपासणी करावी. निब पूर्ण बुडवून तरफ उचलावी, सोडावी व सुमारे दहा सेकंद थांबावे. तरफ उचलताना बुडबुडे येत नसतील तर पिशवी किंवा सांधा गळका असण्याची शक्यता असते.

लाखेचे महत्त्व

लाखेचा सांधा शाईला दाद देत नाही, पण कोमट केल्यावर सुटतो. त्यामुळे पुढच्या वेळी तोच सांधा पेनाला इजा न करता उघडता येतो. सायनोॲक्रिलेट प्रकारचा झटपट गोंद हा मार्ग बंद करतो. असा सांधा उघडताना तोटी मोडून अग्रभाग कायमचा निकामी होऊ शकतो. पाण्यात विरघळणारा गोंद शाईने सुटतो, म्हणून तोही अयोग्य ठरतो.

दक्षता

सेल्युलॉइड ज्वलनशील असल्याने पेन ज्योतीवर कधीही धरू नये. स्पिरिट सेल्युलॉइडला हानी पोचवते, म्हणून ते पेन पुसण्यासाठी वापरू नये. एबोनाइटचा काळा रंग गरम पाण्याने तपकिरी होतो, तर केसीनची पेने पाण्यात फुगतात. त्यामुळे पेनाचा पदार्थ ओळखल्याशिवाय ते पाण्यात भिजत ठेवू नये. लॅटेक्समधील गंधकाच्या वाफांनी फिकट सेल्युलॉइड काळवंडते. अशा पेनांत सिलिकॉनची पिशवी वापरतात, परंतु तिच्यावर लाख नीट धरत नाही.

पुनावळे, ताथवडे यांसारख्या पिंपरी-चिंचवडच्या उपनगरांत अनेक गृहसंकुलांना कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी वापरावे लागते. जड पाण्यातील क्षार शाईच्या सूक्ष्म मार्गात साचू शकतात, म्हणून अखेरचे धुणे बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करणे इष्ट आहे. जलरोधक ड्रॉइंग इंक निबेत सुकून मार्ग बंद करते, त्यामुळे फाउंटन पेनची शाईच भरावी.

अपवाद

1948 पासूनच्या ‘पार्कर 51’ पेनांतील धातूच्या आवरणातील प्लॅस्टिकची पिशवी सहसा टिकून असते. तिच्यात नुसती शाई सुकलेली असेल तर धुणे पुरेसे असते. त्यापूर्वीच्या व्हॅक्युमॅटिक प्रकारात पिशवीऐवजी रबरी पडदा असतो व तो काढण्यास विशेष हत्यार लागते. शेफरच्या ‘स्नॉर्केल’ पेनात पिशवीबरोबर रबरी कड्याही बदलाव्या लागतात. हे काम अनुभवी कारागिराकडे सोपवणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

फाउंटन पेन
शाई
लाख
एबोनाइट
सेल्युलॉइड