संगणक मॉनिटर, घरगुती

संगणकातील माहिती अक्षरे व चित्रे यांच्या रूपाने पडद्यावर दाखविणारे, सामान्य कुटुंबास परवडेल असे साधन. दूरचित्रवाणी संचाच्या आधाराने त्याची वाटचाल सुरू झाली.

१९७७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या तीन प्रमुख घरगुती संगणकांपैकी ‘कमोडोर पेट’मध्ये पडदा अंगचाच होता, ‘टीआरएस–८०’बरोबरचा मॉनिटर म्हणजे आरसीए कंपनीचा, काही फेरफार केलेला कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होता, ‘ॲपल–२’च्या ग्राहकास पडद्याची सोय स्वतः करावी लागे. ब्रिटनमध्ये हीच तिसरी पद्धत रूढ झाली. १९८१ साली सिंक्लेअरचा ‘झेडएक्स ८१’ जोडणी केलेल्या स्थितीत ६९.९५ पौंडांस मिळे, तो घरातील दूरचित्रवाणी संच गृहीत धरूनच. मूल संगणकाशी बसले की इतरांचे कार्यक्रम बंद पडत, ही गोष्ट किंमतपत्रकात अर्थातच नसे.

मुख्य उणीव अक्षरांच्या स्पष्टतेची होती. संगणकाचा चित्रसंकेत रेडिओ कंप्रतेच्या वाहक तरंगावर चढवून संचाच्या आकाशक-जोडणीत सोडावा लागे व संच तो पुन्हा उतरवून घेई. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेतास सु. ५.५ मेगॅहर्ट्‌झ एवढीच कंप्रतामर्यादा होती. ‘बीबीसी मायक्रो’ (१९८१) या संगणकावर ओळीत ४० अक्षरे घेतल्यास जास्तीत जास्त ४ मेगॅहर्ट्‌झची गरज असे व ती भागे. ८० अक्षरांस ८ मेगॅहर्ट्‌झ लागत व अक्षरे एकमेकांत मिसळत. खेळांस हे चालून जाई. पत्र वा हिशेब लिहिणाऱ्याच्या डोळ्यांस मात्र शीण होई. म्हणून या संगणकात मॉनिटरकरिता वेगळ्या जोडण्याही ठेवल्या होत्या.

१९८४ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने ‘सीपीसी ४६४’ मॉनिटरसहच विक्रीस आणला : हिरव्या पडद्यासह २४९ व रंगीत पडद्यासह ३५९ पौंड. संगणकाचा वीजपुरवठाही मॉनिटरमध्येच बसविला होता. कमी किमतीचा हिरवा पडदाच लेखनास अधिक चांगला होता, कारण एकरंगी नलिकेत रंगीत नलिकेप्रमाणे बिंदूंचे विभाजन नसते. स्वस्त वस्तू अधिक उपयुक्त ठरण्याचे हे उदाहरण विरळाच. त्याच कंपनीच्या ‘पीसीडब्ल्यू ८२५६’ (१९८५) या लेखनयंत्रवजा संगणकाच्या हिरव्या पडद्यावर ९० अक्षरांच्या ३२ ओळी मावत; मुद्रकासह त्याची किंमत करांव्यतिरिक्त ३९९ पौंड होती.

आयबीएमच्या व्हीजीए पद्धतीने (१९८७) मॉनिटरची आडव्या रेषांची कंप्रता दूरचित्रवाणीच्या दुपटीवर नेली व दोहोंचे मार्ग वेगळे झाले. द्रव-स्फटिक पडद्यांच्या काळात ते पुन्हा जवळ आले. २००८ नंतरच्या काही वर्षांत १,९२० × १,२०० बिंदूंच्या पडद्यांची जागा बव्हंशी दूरचित्रवाणीच्या १,९२० × १,०८० या मापाने घेतली. किमती उतरल्या, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याच्या उभ्या जागेतील १२० बिंदुरेषा मात्र गेल्या.