मालक नसलेला घोडा आणि घोडा नसलेला स्वार

अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपटात रानटी घोड्याच्या पाठलागाची कथा ही एक रुळलेली कथनरूढी आहे. झेन ग्रे यांची 'वाइल्ड हॉर्स मेसा' ही कादंबरी १९२८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या नावाने १९२५, १९३२ आणि १९४७ असे तीन वेळा चित्रपट निघाले. कळपाचा अग्रणी असलेला एक देखणा घोडा आणि त्याच्यावर डोळा ठेवून असलेले प्रतिस्पर्धी हा या कथांचा सांगाडा होय. एकाला तो स्वतःच्या कसबाने हवा असतो, तर दुसरा काटेरी तारेच्या सापळ्यात कळपच्या कळप कोंडू पाहतो. घोडा पकडण्याची रीत ही येथे पात्रांची नैतिक परीक्षा ठरते.

परंतु या परीक्षेमागे एक गृहीत दडलेले आहे. घोडा कोणाचाच नाही, म्हणून तो पकडील त्याचा, हे ते गृहीत. 'मस्टँग' हा शब्दच मुळी बेवारस जनावरासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आला. वास्तविक हे घोडे स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आणलेल्या घोड्यांचे वंशज. तेव्हा त्यांचे रानटीपण हे निसर्गाचे नसून इतिहासाचे अपत्य आहे. ज्या माळावर हा पाठलाग चालतो तोही ओसाड नव्हता, तेथे मूळ रहिवासी जमाती नांदत होत्या. घोडा आणि भूमी या दोहोंना बेवारस ठरविल्यावाचून वेस्टर्नमधील 'स्वातंत्र्य' सिद्ध होत नाही.

मराठी परंपरेत मोलाच्या घोड्यासाठी चाललेला संघर्ष नाही असे नव्हे. नाझरे गावच्या श्रीधर कवीने ओवीबद्ध केलेल्या 'जैमिनी अश्वमेधा'चे कथानक एका घोड्याभोवतीच फिरते. यौवनाश्व राजाचा घोडा भीम मिळवून आणतो; पुढे यज्ञासाठी सोडलेला तो घोडा राज्याराज्यांतून हिंडतो; सुधन्वा, प्रमिला, बभ्रुवाहन अशा अनेकांशी त्याच्यापायी प्रसंग येतो. वरकरणी हा घोडाही मोकाटच आहे. मात्र त्याच्या कपाळी सुवर्णपत्र आहे आणि पाठीशी सैन्य आहे. त्याला अडविणे म्हणजे घोडा मिळविणे नव्हे, तर घोड्यामागच्या सत्तेला नकार देणे. वेस्टर्नमध्ये बेवारसपणातून पाठलाग जन्मतो. येथे तो मालकीच्या घोषणेतून जन्मतो.

पुराणकथेकडून इतिहासाकडे वळले असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी भीमा खेडवरून, म्हणजे आजच्या राजगुरुनगरवरून, पूर्वेकडे जाते. तिच्या खालच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे मराठी फौजेत नावाजली गेली. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. तथापि ही तट्टे पकडून आणलेली नव्हेत. ती पाळलेली, जोपासलेली होती. फौजेतील स्वाराची प्रतही घोड्याच्या मालकीवरून ठरे. स्वतःचा घोडा आणील तो शिलेदार, सरकारी पागेतील घोड्यावर बसेल तो बारगीर. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद अशी व्यवस्था नोंदलेली आहे. शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचे ती सांगते. स्वतःच्या घोड्याचा स्वार स्वतंत्र राहू शकतो, ही शक्यता राज्यकर्त्यांनी ओळखली होती, असे त्यावरून म्हणता येईल.

या भूमीतील नाट्य म्हणून वेगळे आहे. वेस्टर्नचा प्रश्न 'मालक नसलेला घोडा कोणाचा?' असा आहे. मराठी इतिहासाने उभा केलेला प्रश्न 'घोडा नसलेला स्वार कोणाचा?' असा आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने, आणि बाबुराव पेंटर यांच्या 'सिंहगड'सारख्या (१९२३) ऐतिहासिक चित्रपटाने, या दुसऱ्या प्रश्नाला क्वचितच कथावस्तूचा मान दिला. घोडा बहुधा नायकाच्या वेगाचे चिन्ह म्हणून आला. ज्याच्या मांडीखालचे जनावर दुसऱ्याचे आहे त्या बारगिराची निष्ठा, भीती आणि आकांक्षा मात्र बखरीच्या आकडेवारीतच राहून गेली. वेस्टर्नशी तुलना करताना मराठीत 'तसे' कथानक नाही याची खंत करण्यापेक्षा ही उणीव ध्यानात घेणे अधिक फलदायी ठरावे.

खेड परिसरातील बैलगाडा शर्यतीत या प्रश्नाचे एक जिवंत रूप आढळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ च्या परवानगीनंतर पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. येथे घाटात बैलांच्या पुढे स्वारासह घोडी धावते. पाठलाग होतो, पण तिला पकडण्यासाठी नव्हे. तिच्यामागे बैलांचा वेग वाढावा, सेकंद वाचावेत, यासाठी. गाड्याला मालक आहे, बैलांना मालक आहे, घोडीलाही मालक आहे. बेवारस असे त्या घाटात काहीच नाही. घोडीवरचा स्वार कोण आणि ती धाव त्याची स्वतःची किती, हे विचारणारी मराठी कथा अद्याप लिहिली जावयाची आहे.